डॉ. बाबासाहेब आंबेडकर : एक लोकप्रतिनिधी आणि भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक

विद्यार्थी मित्रांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळं आठवतं, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. शाळेच्या निबंधात आपण हेच लिहितो. पण बाबासाहेब जवळजवळ तीस वर्षं कायदेमंडळात किंवा सरकारात बसत होते. तिथे त्यांनी कोणती विधेयकं मांडली, कशाच्या बाजूनं उभे राहिले, कशाला विरोध केला, हे मात्र आपण फारसं वाचत नाही. आणि आपल्या भंडाऱ्यातून ते लोकसभेची निवडणूक लढले होते, हे तर जिल्ह्यातल्याही पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं.

आजच्या पाठात आपण त्यांचं चरित्र याच बाजूनं पाहू. आमदार-खासदार चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं? तो किती मतांनी जिंकला यावरून? की सभागृहात त्यानं काय केलं यावरून? हा प्रश्न मनात ठेवून पुढचा पाठ वाचा.

बालपण आणि शिक्षण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, आईचं नाव भीमाबाई. शाळेत वेगळं बसावं लागणं, पाण्याच्या भांड्याला हात लावू न देणं, हे सगळं त्यांनी लहानपणीच सोसलं. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा शिकले आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले.

हे शिक्षण त्यांना पुढे सभागृहात फार उपयोगी पडलं. अंदाजपत्रकावर ते बोलायला उभे राहिले की आकडे घेऊनच बोलत.

मताचा हक्क मागणारा तरुण

त्या काळात मतदान सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे जमीन आहे, जो कर भरतो, त्यालाच मत. म्हणजे शेतमजूर, गिरणी कामगार, गावकुसाबाहेरची माणसं, बहुतेक बाया, या सगळ्यांना मतच नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीसमोर बाबासाहेबांची साक्ष झाली. अस्पृश्य समाजाला मताचा हक्क आणि स्वतःचे प्रतिनिधी मिळाले पाहिजेत, अशी मागणी त्यांनी केली. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

पुढच्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेबांच्या पुढच्या राजकारणामागेही गिरणीमालक किंवा मोठे व्यापारी उभे नव्हते. गोरगरिबांची वर्गणी आणि कार्यकर्त्यांची पायपीट हेच त्यांचं भांडवल होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण निवडणुकीतल्या पैशाचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

१९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. गोलमेज परिषदेतही ते आपल्या समाजाच्या राजकीय हक्कांसाठी भांडले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानं प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्य समाजासाठी १४८ राखीव जागा ठरल्या.

मुंबई कायदेमंडळात

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. सरकारनं नेमलेला माणूस सरकारचीच री ओढणार, असा त्या वेळी रिवाज होता. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर टीका केली. ठरावीक रकमेपेक्षा कमी मिळकत असलेल्याला प्राप्तिकर लागत नाही, पण शेतकरी कितीही गरीब असला, पीक बुडालं तरी, त्याला शेतसारा भरावाच लागतो, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी गरिबांच्या मुलांना परवडेल असं स्वस्त शिक्षण मागितलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव याच कायदेमंडळात मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. पण गावात काहीच बदललं नाही, ठराव कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. सभागृहात ठराव आणायचा आणि तो अमलात यावा म्हणून रस्त्यावरही उतरायचं, अशी बाबासाहेबांची दोन्हीकडची लढाई होती.

आता त्यांची सभागृहातली काही ठळक कामं क्रमानं पाहू.

१) महार वतन विधेयक (१९२८) : वतनदार महारांना अल्प मोबदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस कामं करावी लागत. त्यासाठी असलेल्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मांडलं. पुरेसा पाठिंबा मिळाला नाही, शेवटी ते मागे घ्यावं लागलं. ही वतनं नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

२) प्रसूती लाभ विधेयक (१९२८) : कारखान्यात काम करणाऱ्या बायांना बाळंतपणात पगारी रजा द्यावी, असं हे विधेयक. ते दुसऱ्या सभासदानं मांडलं होतं, पण बाबासाहेबांनी ठामपणे पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा काही भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

३) ग्रामपंचायत विधेयक (१९३२) : याला त्यांनी विरोध केला. पंचायतीत दुबळ्यांचा माणूस बसण्याची हमी नसेल, तर सगळी सत्ता गावातल्या वरचढ मंडळींच्या हाती जाईल, हा त्यांचा मुद्दा होता. आज आपल्या ग्रामपंचायतींत राखीव जागा आहेत, त्या का आहेत हे इथे कळतं.

४) खोती विधेयक (१९३७) : ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे सतरा उमेदवार उभे होते, त्यांतले बहुतेक निवडून आले. बाबासाहेबही निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातली खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. त्यासाठी १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात फक्त एका जातीचे लोक नव्हते, कुणबी आणि इतर कुळंही होती. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये आला.

५) औद्योगिक कलह विधेयक (१९३८) : कामगारांच्या संपावर बंधनं घालणारं हे विधेयक काँग्रेस सरकारनं आणलं. बाबासाहेबांनी विरोधात भाषण केलं. मजूर पक्षाकडे मतं थोडी, त्यामुळे विधेयक पास झालं. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट नेते एकत्र होते.

६) संततिनियमनाचा ठराव (१९३८) : हा ठराव पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. मोठ्या फरकानं तो फेटाळला गेला. आज सरकारी दवाखान्यात ज्या विषयाची पत्रकं सहज मिळतात, त्या विषयावर तेव्हा सभागृहात बोलणंही लोकांना नको होतं.

ही यादी नीट पाहिली तर काय दिसतं? बाबासाहेबांनी स्वतः आणलेलं बहुतेक काम त्या दिवशी हरलं. पण वीस-तीस वर्षांत त्यातलं बरंचसं कायदा होऊन आलं.

मजूर मंत्री

जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आता त्यांच्या हाती खातं होतं. १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती आणली. आपल्या तुमसर भागात मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून आपल्यासाठी ही बाब परकी नाही. कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ४८ करणारा कायदा १९४६ मध्ये झाला. आठ तासांच्या कामाचा पाया तो हाच.

याच काळात युद्धासाठी कोळसा हवा म्हणून सरकारनं स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत कामाला घेण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली. या निर्णयावर खूप टीका झाली आणि खातं बाबासाहेबांकडे असल्यामुळे उत्तरही त्यांनाच द्यावं लागलं. पुरुषाइतकंच काम असेल तर स्त्रीला तेवढीच मजुरी मिळेल, यावर त्यांनी भर दिला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. थोर माणसाची नोंद लिहिताना ही बाजूही लिहायची असते, तरच नोंद खरी ठरते.

घटना, निवडणुकीचे कायदे आणि राजीनामा

१९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा राहिली नाही, तेव्हा १९४७ मध्ये मुंबईतून त्यांची निवड झाली. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. घटनेच्या कलम ३२६ नं प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा हक्क दिला. १९१९ मध्ये समितीसमोर मताचा हक्क मागणाऱ्या तरुणाच्या हातूनच तीस वर्षांनी हा मसुदा तयार झाला.

घटनेइतकाच महत्त्वाचा दुसरा भाग म्हणजे निवडणुकीचे कायदे. लोकप्रतिनिधित्वाचे १९५० आणि १९५१ चे दोन्ही कायदे कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनीच संसदेतून पार नेले. मतदार कोण, उमेदवार कोण होऊ शकतो, कोण अपात्र, लाच-दमदाटी झाली तर काय, खर्चाचा हिशेब कसा द्यायचा, हे सगळं त्यात आलं. या कायद्यात एक कलम असं होतं की सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे, तो निवडून येण्यास अपात्र. कारण सोपं आहे. ज्याचा धंदा सरकारवर चालतो, तो सरकारला खडा सवाल कसा करणार?

याच वर्षांत हिंदू कोड बिलाचा लढा चालू होता. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, पत्नीला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व, दत्तक, या सगळ्यांचा त्यात विचार होता. संसदेत आणि बाहेर प्रचंड विरोध झाला. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाजूला ठेवलं गेलं. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर १९५५ आणि १९५६ मध्ये तोच विषय चार वेगवेगळ्या कायद्यांनी मंजूर झाला.

१९५२ चा पराभव

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी मतदार होते. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून उभे राहिले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांच्यासोबत होते.

त्या वेळची पद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती. काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवरचा. प्रत्येक मतदाराला दोन मतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद.

बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या होत्या. दुसरं मत मुद्दाम वाया घालवा, असा प्रचार विरोधकांनी केल्याची तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले, पण निकाल बदलला नाही. १९५२ मध्येच बाबासाहेब राज्यसभेवर गेले. तरी लोकांनी थेट निवडून दिलेला खासदार म्हणून लोकसभेत बसावं, ही त्यांची इच्छा होती.

भंडाऱ्याची पोटनिवडणूक

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. त्या वेळी भंडारा महाराष्ट्रात नव्हता. आपण मध्य प्रदेशात होतो आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजचा गोंदिया जिल्हाही तेव्हा भंडाऱ्यातच होता, तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. वैनगंगेचा हा भाग धानाचा, तलावांचा आणि विडी कामगारांचा. लोकसभेचा भंडारा मतदारसंघही दोन जागांचा होता.

पहिल्या निवडणुकीत इथून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले. त्याविरुद्ध निवडणूक याचिका झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ फेब्रुवारी १९५४ ला निकाल लागला. त्यात दोन मुद्दे मुख्य होते.

पहिला मुद्दा विड्यांचा. जसानी ज्या पेढीत भागीदार होते, त्या पेढीचं सरकारला विड्या पुरवण्याचं कंत्राट होतं. न्यायालयानं ठरवलं की वर सांगितलेल्या कलमाप्रमाणे ते अपात्र आहेत. दुसरा मुद्दा जातीचा. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज नाकारला गेला होता. ते महानुभाव पंथात गेले, म्हणून ते महार राहिले नाहीत, असं निवडणूक अधिकाऱ्याचं म्हणणं. न्यायालयानं सांगितलं की पंथ स्वीकारला म्हणून त्यांची जात सुटलेली नाही, अर्ज चुकीनं नाकारला गेला. सगळी निवडणूकच रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

लक्षात आलं ना? जो कायदा बाबासाहेबांनी मंत्री असताना संसदेतून पास करून घेतला, त्याच कायद्यामुळे भंडाऱ्याची जागा मोकळी झाली आणि त्याच जागेवर उभं राहायला ते इथे आले.

१९५४ च्या एप्रिल-मे महिन्यांत ही पोटनिवडणूक झाली. विदर्भातलं ते ऊन तुम्हाला सांगायला नको. बाबासाहेबांचं वय त्रेसष्ट, मधुमेहानं शरीर थकलेलं. तरी ते प्रचाराला हिंडले, सभा घेतल्या, सरकारच्या धोरणांवर टीका केली. राखीव जागेवर ते उभे होते, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. समोर राखीव जागेसाठी काँग्रेसचे भाऊराव बोरकर. एकीकडे सत्तेत असलेला, गावोगाव शाखा असलेला पक्ष, आणि दुसरीकडे साधनं तोकडी असलेले फेडरेशनचे कार्यकर्ते.

याच निवडणुकीतली एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. आपली दुसरी मतं मित्रपक्षाला जातात, पण त्यांची मतं आपल्याला पडतील याचा भरवसा काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना होती. म्हणून लोकांना दुसरं मत वाया घालवायला सांगावं, असं त्यांनी सुचवलं. मुंबईचा पराभव सगळ्यांच्या मनात ताजा होता. तिथे ज्या युक्तीविरुद्ध बाबासाहेब न्याय मागायला गेले होते, तीच युक्ती आता त्यांच्या उपयोगी पडू शकली असती. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ज्यानं घटना तयार करायला हात लावला, त्यानंच मत फुकट घालवायला सांगावं, हे त्यांना पटलं नाही. हरलो तरी चालेल, पण हे नको, अशी त्यांची भूमिका होती.

निकाल लागला. अशोक मेहता जिंकले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले. समझोत्यातली मतं दोन्ही बाजूंनी सारखी फिरली नाहीत, असं यावरून दिसतं. कार्यकर्त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती, तरीही बाबासाहेबांनी घेतलेला निर्णय बदलत नाही. ही त्यांची शेवटची निवडणूक ठरली.

अखेरची वर्षं

बाबासाहेब राज्यसभेत काम करत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. भंडाऱ्याहूनही माणसं गेली होती. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचनेत आपला जिल्हा मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. तेव्हाही ते राज्यसभेचे सभासद होते. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले, म्हणून आज आपल्याला एकच मत असतं.

उपसंहार

मित्रांनो, सुरुवातीचा प्रश्न आता पुन्हा विचारू. लोकप्रतिनिधी कशावरून ओळखायचा? जिंकण्या-हरण्यावरून पाहिलं तर बाबासाहेब लोकसभेच्या दोन्ही निवडणुका हरले. पण सभागृहातल्या कामाची वही उघडली तर वतन, खोती, प्रसूती रजा, कामाचे तास, मुलीचा वाटा, प्रत्येकाला मत, असं पान भरतं. वहीत हरलेली विधेयकंही आहेत आणि टीका झालेला निर्णयही आहे. त्यासकट ती वाचायची.

तुम्ही अठरा वर्षांचे झालात की मतदार यादीत नाव घालाल. तेव्हा उमेदवाराला तीन गोष्टी विचारायला शिका. सभागृहात तुम्ही काय मांडलं? कोणत्या बाजूनं मत दिलं? आणि तुमच्या प्रचाराचा पैसा कुठून आला? हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आणि आपलं मत, एकच असलं तरी, वाया घालवू नका.

शब्दार्थ

वतन – गावकामाच्या बदल्यात पिढीजात मिळालेली जमीन किंवा हक्क
खोती – कोकणातली सारावसुलीची पिढीजात पद्धत
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी
पोटनिवडणूक – मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी होणारी निवडणूक
पेढी – व्यापारी संस्था, फर्म

स्वाध्याय

१) भंडाऱ्याची १९५१-५२ ची लोकसभा निवडणूक रद्द होण्याची दोन कारणं लिहा.
२) बाबासाहेबांनी मांडलेली कोणती दोन विधेयकं नंतर वेगळ्या कायद्यांच्या रूपानं अमलात आली?
३) सरकारी कंत्राट असलेल्या माणसानं खासदार होऊ नये, असं कायद्यात का असावं? तुमच्या शब्दांत सांगा.
४) दुसरं मत वाया घालवण्याचा सल्ला बाबासाहेबांनी नाकारला. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? दहा ओळी लिहा.
५) उपक्रम : आपल्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, ते वर्तमानपत्रातून शोधून वहीत नोंदवा.